मुरुडला दोघंच

"दापोऽली, आसूऽद मार्गे मुरुऽडला जाणारी गाडी फलाटाला लागते आहे होऽ…"

खेडच्या एसटी स्टँडवरच्या कर्ण्यातून येणारा हा आवाज मी शाळकरी असताना ऐकला. तो माणूस कोण होता, ठाऊक नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही. बाकीच्या गावांची नावं तो पगारात बसतील तेवढीच म्हणायचा, मुरुडचं नाव मात्र पदरचं काहीतरी घालून. झोपाळा मागे जाऊन पुढे येण्याआधी क्षणभर हवेत थबकतो ना, तसा तो 'रु'वर थबकायचा. त्या थबकण्यात मला झावळ्या हलताना दिसायच्या, ओल्या वाळूवर कुणाची तरी पावलं दिसायची, आणि हातातला दप्तराचा पट्टा मी विसरून जायचो. मग ती गाडी धूळ उडवत निघून जायची आणि आमची गाडी लागायची, जिचं नाव तो शिंक आल्यासारखं उरकायचा: "फणसवाडी!"

फणसवाडी समुद्रापासून फार लांब नाही, आणि हीच खरी अडचण. लांबची माणसं समुद्राला जातात. जवळची माणसं 'जाऊ की कधीतरी' म्हणतात आणि म्हातारी होतात. माझा जन्म याच जिल्ह्यातला, नोकरी पंचायत समितीतल्या कारकुनाची, आणि वडिलांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं सलिल. म्हणजे पाणी. पण पाण्याशी माझी ओळख आमच्या विहिरीच्या रहाटापलीकडे गेली नाही. एकदा कामानिमित्त दाभोळच्या धक्क्यावर गेलो होतो, तर फेरीबोटीतून उतरलेल्या साहेबांच्या फायली छातीशी धरून सगळा वेळ समुद्राकडे पाठ करून उभा होतो. समुद्राला माझा चेहरा कसा आहे हे त्या दिवशीही कळलं नाही.

समुद्र मात्र दर मे महिन्यात आमच्या घरी येतो. माझी बहीण कुसुम पुण्याला असते. ती, तिचे यजमान, मुलं आणि मुलांचे मित्र मुरुडला जाताना आमच्याकडे उतरतात. नीरजा, म्हणजे माझी बायको, त्यांना घावणे आणि नारळाचा रस करून घालते, वाटेत खायला बांधून देते, कपाटातले चांगले पंचे देते. येताना ती मंडळी पुन्हा उतरतात, उन्हानं रापलेली, हसरी, केसांत मीठ घेऊन. ती पुण्याला गेली की नीरजा केरसुणी हातात घेते. ओटीवर वाळू, माजघरात वाळू, गाद्यांखाली वाळू, न्हाणीच्या दगडावर वाळू. गेल्या वर्षी मी तिला पाहिलं. सुपलीत केर भरून ती मागच्या दारात उभी होती आणि टाकत नव्हती. बोटांनी हळूहळू चाळत होती.

"काय गं?"

"काही नाही. शिंपल्याचा तुकडा आहे. कसा गुलाबी आहे बघा," ती म्हणाली, आणि केर कलमाच्या बुंध्याशी टाकून आमटीला फोडणी द्यायला आत गेली.

कारकुनाच्या मनात एकदा प्रकरण दाखल झालं की ते मरत नाही, फक्त प्रलंबित राहतं. वर्षभर ते प्रलंबित राहिलं. आंब्याला मोहोर आला, कणी धरली, कैऱ्या झाल्या, आणि चैत्रातल्या एका दुपारी मी ते निकाली काढलं.

"नीरजा, यंदा मुरुडला आपण जायचं. कुसुम यायच्या आधी. मुक्काम करायचा. तू चहासुद्धा करायचा नाहीस, कुणीतरी तुला आणून द्यायचा. आपण दोघंच."

ती तांदूळ निवडत होती. हात सुपातच थांबला.

"दोघंच?"

"दोघंच."

"बरं," ती म्हणाली, आणि बराच वेळ एकाच दाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण गोदूबाईंनी पण कधी समुद्र पाहिला नाही हो."

मला हसू आलं. काय हे मन! स्वतःच्या वाट्याचा समुद्रही हिला शेजारणीला वाटीत घालून द्यायचाय, विरजण दिल्यासारखा. मी ठामपणे म्हटलं, "गोदूबाईंना पुढच्या वर्षी."

हे मी ठामपणे म्हटलं होतं, एवढी नोंद इथे राहू द्यावी.

* * *

वाडीत गुपित ठेवायचं तर ते विहिरीत सुद्धा बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई कुंपणाशी हजर. गोदूबाई आमची शेजारीण. तोंडात दात थोडे आणि मतं भरपूर.

"आरं सलिल, दर्याला जातोस म्हणं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आता कोण सांगायचं! वाऱ्यानं सांगितलं. बायकूला उन्हात नको बसवू. नि दर्यात उतरताना आधी पाया पड. नि हाटेलात राहतोस काय? लाज नाय? माझ्या भावजयीची बहीण दिलीय तिथं."

इथून सल्ल्यांची झड लागली. भरतीला जा, ओहोटीला जाऊ नको. ओहोटीलाच जा, भरतीला माणूस नेते. मुरुड कशाला, हर्णैला जा, मासळी ताजी मिळते. हर्णै कशाला, मासळी खायची तर घरी खा. वाडीत असा एकही माणूस निघाला नाही ज्याचं मुरुडला कुणी नव्हतं आणि मी त्या कुणाकडे न राहता हॉटेलात राहणार याचा ज्याला अपमान वाटला नाही. दोन-तीन घरांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. ते एरवी सुखाचं झालं असतं, पण सल्ले ते निरोपानं पाठवत राहिले.

कचेरीत रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण वाचलं, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुरुडला कोण वारलं?"

"कोणी नाही, साहेब. समुद्र बघायला."

"आपला?" साहेबांना समजेना. ते स्वतः रत्नागिरीचे. आपलाच समुद्र बघायला माणूस रजा काढतो, ही कल्पना त्यांना स्वतःच्या घराची बेल वाजवून आत जाण्यासारखी वाटली असावी. सही केली, पण माझ्याकडे संध्याकाळपर्यंत काळजीनं बघत राहिले.

मग राहायची जागा. मुरुडला पोफळीच्या बागेत एका मथुराबाईंचं घरगुती निवास आहे असं कळलं. मी फोन लावला. आवाज गोड, ओल्या नारळासारखा.

"या की! दोघंच ना? समुद्र अगदी मागल्या दारी. कुठून येणार?"

इथे मी आयुष्यातली मोठी चूक केली. 'पुण्याहून' म्हणायला हवं होतं. मी खरं सांगितलं. "खेडजवळ, फणसवाडी."

पलीकडून एक आनंदाची किंकाळी. "फणसवाडी! अहो, म्हणजे आमच्या धाकट्या जावेच्या आजोळचे तुम्ही! विहिरीपाशी फणस आहे तेच ना घर? मग असं परक्यासारखं काय विचारता? घरचीच माणसं!"

मला तेव्हा बरं वाटलं. 'घरची माणसं' या शब्दांत काय दडलेलं असतं हे तिथे जाईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

* * *

आता मानाईचं सांगतो. मानाई आमची ग्रामदेवी. तिच्या देवळात रोज सांजवात लावायची पाळी घराघरांत फिरते, आणि यंदा वैशाख आमच्या घराचा. पाळी डोक्यावर असताना रात्रीच्या मुक्कामाला गावाची शीव ओलांडायची तर देवीला विचारावं लागतं. देवीच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. मोठमोठी भांडणं आमच्याकडे याच कळ्यांनी मिटली आहेत.

मला वाटलं, सकाळी लवकर जाऊ, गुरव कळ्या लावील, उजवी पडेल, घरी येऊन चहा. देवळात गेलो तर सगळी वाडी हजर. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये सतरंजी. गावचे मानकरी हरिश्चंद्रअण्णा खास धोतर नेसून आले होते. गाऱ्हाणं तेच घालतात. देवीपुढे माणसाची बाजू मांडायची म्हणजे आधी ती सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे, असं त्यांचं मत आहे.

"बाय मानाई," अण्णांनी हात जोडून सूर लावला, "बारा वाड्यांची तू राखणकरीण. आज ह्यो तुझा लेक सलिल, तुझ्या वातीची पाळी डोक्यावर असताना, दर्याला जातो म्हणतो. कशाला जातो, ते त्याला ठावं नि तुला ठावं…"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"घरात विहीर हाय, परसात पऱ्याचं पाणी हाय. तरी त्याला खारं पाणी हवं झालं…"

"व्हय म्हाराजा!"

"बायकूला घेऊन जातो म्हणतो. ह्या वयात. दोघंच जातो म्हणतो…"

"व्हय म्हाराजा!" इथे बायकांच्या बाजूनं खुदकन आवाज आला. मी देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. माझे कान मात्र जास्वंदीच्या रंगाचे झाले असावेत.

"तर बाय, गाडीचा टायर नको फुटू, ह्याच्या बायकूचा पाय नको घसरू, नि ह्याच्या साहेबाला रजा दिल्याचा पस्तावा नको होऊ. जसा जातो तसा परत आण, नि आला की लोकांचे सल्ले ऐकण्याची बुद्धी दे…"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा.

बाबल्या गुरवानं कळ्या लावल्या. सगळे श्वास रोखून बसले. देवळात फक्त मुंबईच्या मंडळानं दिलेला पंखा कुरकुरत होता. डावी पडली.

बाबल्यानं पुन्हा लावल्या. डावी.

"पंख्याचा वारा डावीकडंच येतो," मी हळूच म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याच्या वतीनंही माफी मागितली.

"देवी नाय म्हणत नाय," बाबल्या म्हणाला. बाबल्याला देवीच्या मनातलं बरंच कळतं. "आपण विचारतो तेच चुकतंय. वार बदलून बघू."

वार बदलला. डावी. मग 'हॉटेलात राहू नये का' असं विचारलं, डावी. 'नातेवाइकांकडे राहू नये का' असं विचारलं, तरीही डावी. मी स्वतः कारकून. 'त्रुटी दूर करून प्रस्ताव पुन्हा सादर करावा' हे वाक्य मी हयातभर लोकांच्या कागदावर लिहीत आलो. मानाईनं ते मला त्या सकाळी ओल्या कळ्यांनी लिहून दाखवलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गोदूबाईंचा आवाज आला. "अण्णा, असं विचारा की. दोघांनीच जाऊ नये, वाडीला संगं न्यावं, असं तर तिच्या मनात नाय ना?"

अण्णांनी विचारलं. बाबल्यानं कळ्या लावल्या. आणि उजवी कळी, जणू इतका वेळ याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखी, हात काढता काढता टपकन पडली.

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. एका क्षणात वाडीच्या सगळ्या पाच-सहा घरांचा समुद्र मंजूर झाला. मी नीरजाकडे पाहिलं. पदर तोंडाशी धरून ती खाली बघत होती. मला वाटलं, माझ्यासारखीच हिरमुसली असेल बिचारी.

"आणि वात कोण लावणार?" मी शेवटचा प्रयत्न केला.

सगळ्यांनी बाबल्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी एकटाच ऱ्हाणार वाडीत?" बाबल्याचा चेहरा पडला. देवीच्या मनातलं सगळं कळणाऱ्या माणसाला ही गोष्ट मात्र आधी कळली नव्हती.

* * *

मथुराबाईंना फोनवर सगळ्यांची नावं कळवली, आणि गाडीचा प्रश्न दीपकनं सोडवला. दीपक आमच्या वाडीचाच, लोटे गावच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवतो. शनिवारी सकाळी तिसरी पाळी घरोघर सोडली की बस रविवारी संध्याकाळपर्यंत मोकळी. मालकाला विचारून तो ती घेऊन आला. काचेवर 'तिसरी पाळी' अशी पाटी तशीच. "काढू नका काका," तो म्हणाला, "चिकटवलीय, काढली तर काच पुसत बसावं लागतंय."

मी त्या दिवसासाठी गवती टोपी घेतली होती, रुंद काठाची, मुरुडला शोभेल अशी. ती घालून बसच्या पायरीवर उभा राहिलो तेव्हा मनात एक चित्र होतं. त्या चित्रात मी आणि नीरजा होतो, बाकी वाळू. प्रत्यक्षात माझ्या टोपीवरून एक प्रेशर कुकर आत गेला. मग शेगडी, आंब्याची पेटी, तांदळाचं बोचकं, गोदूबाईंचा पाट. "मला खुर्चीवर जेवण उतरत नाय." नीरजा सगळ्यांना जागा करून देत होती. "तुम्ही खिडकीशी बसा, वहिनी. अण्णा, इकडं या." जणू तिचंच घर आहे आणि सणाला माणसं आलीत. मला तिच्याशेजारी जागा उरली नाही. मी दारापाशी, कुकर मांडीवर घेऊन.

बस निघाली आणि खरं सांगतो, रागातही मला बरं वाटू लागलं. कातळावर ऊन कोवळं होतं. करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. वाटेत प्रत्येक थांब्यावर माणसं पाटी वाचून हात करत होती आणि दीपक खिडकीतून ओरडत होता, "आज पाळी दर्यावर!" मागे बायकांनी सूर धरला. गोदूबाईंनी जुळवलेलं, जागच्या जागी:

"दर्या गं माझा राजा, त्याला गं नाही दार,
लेकी-सुनांची गं माझ्या, आली मोटार भार भार.
दर्या गं माझा भाऊ, त्याला गं नाही ओटी,
पाय धुवायाला येते, लाट लहान, लाट मोठी."

आवाज थरथरता, पण गळ्यात अजून पाणी होतं. नीरजाही गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं, की तिनं गायलं तेव्हा मी कचेरीत होतो, कोण जाणे.

आसूदचा उतार संपला, नारळी-पोफळीच्या सावल्या बसमधून सळसळत गेल्या, आणि साळदुऱ्याच्या वळणावर एकदम उजेड झाला. समुद्र. सगळी बस गप्प. आणि त्या शांततेत सर्वात मागच्या सीटवरून, बोचक्यांच्या खालून, एक माणूस उठून बसला. खाकी कपडे, उशाला डबा, गालावर पिशवीचे वळ. त्यानं डोळे चोळले, काचेतून बाहेर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"भरणे नाका आला काय?" तो म्हणाला.

तिसऱ्या पाळीचा कामगार. पाळी संपवून भरण्याला उतरायचं होतं, झोपेत राहून गेला, वर आमच्या वाडीनं सामान रचलं. नाव विचारलं तर परशुराम. ज्यानं बाण मारून समुद्र मागे हटवला त्याचं नाव, आणि हा समुद्रापुढे जांभई देत बसलेला. नीरजानं लगेच त्याच्यापुढे घावण्याचा डबा धरला. "असू द्या, भाऊजी. आता आलाच आहात तर दोन दिवस राहा."

आणखी एक. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

* * *

मथुराबाई अंगणातच उभ्या होत्या. गोऱ्या, गोल, कपाळावर घाम. बस बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते आनंदानं नाही, सुटकेनं भरून आले होते, हे मला जरा उशिरा कळलं.

"आलात! देवानंच पाठवलं. स्वयंपाकाची बाई आज आली नाही, आणि ओसरीवर पुण्याचे पाहुणे खोळंबलेत. नीरजाताई तुम्ही ना? या, या, ही विळी, हे नारळ. घरच्याच आहात, तुमच्यापाशी काय लाजायचं!"

"अहो, पण आम्ही पाहुणे आहोत," मी पुढे होऊन म्हटलं. टोपी सरळ केली.

मथुराबाई प्रेमानं हसल्या. "पाहुणे ते. तुम्ही आमचे." आणि माझ्या हातात सोलकढीचं भांडं दिलं.

पुढच्या दृश्याचं वर्णन माझ्या हातून होणं कठीण आहे. माणसानं वर्षभर स्वप्न बघावं की आपल्या बायकोला कुणीतरी चहा आणून द्यावा, आणि मग स्वतः गवती टोपी घालून पुण्याच्या अनोळखी लोकांना सोलकढी वाढावी. "काका, टोपी छान आहे हो तुमच्या इथली, सगळ्यांना देता का?" असं एका मुलीनं विचारलं. मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं ती काढून घेतली.

फणसवाडी मात्र खुशीत होती. हरिश्चंद्रअण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून समुद्राला गाऱ्हाणं घालत होते. गोदूबाई नऊवारी सावरून लाटेत बसल्या होत्या आणि लाट मागे गेली की तिला बोलावत होत्या, "ये गं, ये, भितेस काय!" परशुराम वाळूवर पुन्हा झोपला होता, जणू त्याचं घर तिथेच होतं. एकटी नीरजा आत. चुलीशी. माझं सगळं वर्ष त्या एका माणसासाठी होतं, आणि तेच एक माणूस समुद्रापासून एका भिंतीच्या अंतरावर अडकलं होतं.

दुपारी मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत अर्धा उजेड, तव्याची ऊब. भिंतीपलीकडे समुद्र श्वास घेत होता, आणि इकडे नारळ खवण्याचा आवाज त्याच तालात येत होता. समुद्र आला की खवणी थांबे, समुद्र गेला की खवणी चाले. तिला हे कळत होतं की नाही, मला सांगता येत नाही. कपाळावर आलेली बट ती मनगटानं मागे सारत होती. मला वाटलं, ही इथे बसूनच समुद्राशी काहीतरी बोलते आहे आणि मी मध्येच आलोय. "चल ना," मी म्हटलं. "आलेच," ती म्हणाली. "एवढ्या आंबोळ्या होऊ देत." आंबोळ्या झाल्या. मग भात झाला. मग पुण्याच्या पाहुण्यांना चहा हवा झाला.

ऊन उतरलं. पोफळींच्या सावल्या लांब होऊन स्वयंपाकघरात शिरल्या. तिनं भाकरीचं पीठ परातीत घेतलं, आणि माझ्या आत कुठेतरी, इतकी वर्षं 'आदेशाप्रमाणे' लिहिणाऱ्या माणसाच्या आत, काहीतरी तुटलं.

मी आत गेलो. परात उचलली. बाजूला ठेवली.

"ऊठ."

"अहो, भाकऱ्या…"

"राहू देत भाकऱ्या!" हा माझा आवाज होता. मथुराबाईंच्या हातातली पळी थांबली. ओसरीवरचे पुणेकर वळून बघू लागले. मी नीरजाचं मनगट धरलं. पिठानं भरलेलं. सगळ्यांदेखत. आमच्याकडे असं करत नाहीत. लग्नातसुद्धा भटजींनी सांगितलं म्हणून धरलं होतं.

दारात ओल्या लुगड्यानं गोदूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पाट ओढून परातीपुढे बसल्या. "जा गे बाय. मी थापते."

पोफळीच्या बागेतून आम्ही चालत गेलो. पाटाचं पाणी झुळझुळत होतं. सुरूच्या झाडांपलीकडे वाळू लागली, अजून ऊबदार, आणि पुढे तो सगळा सोनेरी पसारा. आम्ही बसलो. मधे एक हात अंतर ठेवून, बसमधल्या अनोळखी माणसांसारखे.

वर्षभर मी या क्षणासाठी काय काय बोलायचं ठरवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"समुद्र मोठा आहे," मी म्हटलं.

"हो."

"भरती असावी."

"असेल."

एक लाट आली, आमच्या पावलांपर्यंत पोचायच्या जरा आधी थांबली आणि फेस पुसत परत गेली. दूर हरिश्चंद्रअण्णांनी आम्हाला पाहिलं, हात उंच केला, आणि सगळी वाडी गोळा करून आमच्या दिशेनं निघाले. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"मी दोघांनीच यायचं ठरवलं होतं, नीरजा," मी म्हटलं. "मनापासून ठरवलं होतं. देवीनं नको म्हटलं, मी काय करू?"

ती हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होती.

"देवीनं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"गोदूबाईंना मी सांगितलं होतं. देवळात तसं विचारायला. तुमचा बेतही मीच सांगितला त्यांना, त्याच संध्याकाळी." तिनं मान वर केली नाही. "सगळ्यांना मीच गोळा केलं."

"तुला यायचं नव्हतं माझ्याबरोबर?"

"यायचं होतं हो. फार यायचं होतं." लाट आली आणि गेली, तेवढा वेळ ती थांबली. "पण तुम्ही दोघंच म्हणालात आणि मला धडकीच भरली. लग्न होऊन आले तेव्हापासून घर माणसांनी भरलेलं. आधी तुमचे आईवडील, मग मुलं, मग येणारे-जाणारे. तुमच्याशी मी बोलले ते काय? मीठ संपलंय. पंप बंद पडलाय. कुसुमताई उद्या येणार. एवढंच. मग इथं दोन दिवस मीठ नाही, पंप नाही, कुणी येणार नाही, तर मी तुमच्याशी बोलायचं काय? आणि तुम्ही इतक्या हौसेनं आणलंत, आणि तुम्हाला कळलं असतं की हिच्यापाशी बोलण्यासारखं काहीच नाही, तर?"

वाडी जवळ येत होती. गोदूबाई नव्हत्या, पण बाकी सगळे. कुणाच्या तरी हातात आंब्याची पेटी होती. अण्णा लांबूनच ओरडले, "सलिल! वहिनी! थांबा, आलोच!"

नीरजानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसूही.

"त्यांना सांगा ना," ती म्हणाली, "थोडा वेळ तिकडंच बसा म्हणावं. मला तुमच्याशी बोलायचंय."